दोनशे पावलांवरचा डबा

गेल्या मे महिन्यात चुलत भावाच्या मुलीचं लग्न झालं. शेवटची पंगत उठत आली होती. भाऊ नव्या व्याह्यांना आमच्या आबांची गोष्ट सांगत होता. "आमचा आजा पलटणीत सुभेदार. रिव्हॉल्व्हरनं पाचशे मीटरवरचा डबा उडवायचा. एका गोळीत." व्याह्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी "नाद खुळा!" म्हणालं, आणि गोष्ट संपली.

मी शेजारच्याच पानावर होते. मांडवात मोठ्या भावाला खोडायचं नसतं, म्हणून गप्प बसले. पण गावाहून परत येताना गाडीत तेच टोचत राहिलं. आबा पाचशे मीटर कधीच म्हणाले नव्हते, ते दोनशे पावलं म्हणायचे. 'उडवायचे' हेही खोटं. त्यांनी तो डबा आयुष्यात एकदाच उडवला. आणि 'एका गोळीत' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेले नाहीत. घडलं ते भावाच्या गोष्टीपेक्षा मोठं आहे, आणि ते सांगू शकेल असं आता घरात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. सैनिक टाकळीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या पट्ट्यात आमच्यासारखीही गावं आहेत, जिथं प्रत्येक गल्लीत दोन-तीन घरं पलटणीतली. संध्याकाळी जेवणं झाली की आबांच्या सोप्यावर चार पेन्शनर जमायचे. तिथं पुष्कळ गोष्टी निघत, बर्फाच्या, खेचरांच्या, रेल्वेच्या लांबलचक प्रवासांच्या. डब्याची गोष्ट आबा वर्षातून फार तर दोनदा सांगायचे, तीही कुणी विचारलं तरच. १९६६ सालचा हिवाळा. छावणीच्या रेंजवर फायरिंग संपलेलं. साहेबाचं .३८ चं रिव्हॉल्व्हर, थोडी काडतुसं शिल्लक, आणि बटाच्या पायथ्याशी कुणीतरी ठेवलेला तेलाचा रिकामा डबा. बट म्हणजे गोळ्या अडवायला निशाणांच्या मागं घातलेला मातीचा उंच बांध.

"डब्यावर न्येम धरलाच न्हाई मी," आबा सांगायचे. "वर बटाच्या उतारावर बोरीचं झुडूप हुतं, त्येच्या बुंध्यावर धरला. घोडा दाबताना डबा दिसतबी नव्हता. मागनं ठण्ण आवाज आला, तवा कळलं."

मी पाचवीत असताना ही गोष्ट वर्गात सांगितली. झुडपावर नेम धरला आणि डब्याला लागली? तेही डबा दिसत नसताना? पोरींनी मला दिवसभर 'थापाडी' म्हणून हाक मारली. घरी येऊन मी आबांवर रागावले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, हाय ते हाय." त्यानंतर ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. मनात कुठंतरी मीही ती थापांच्या खात्यात टाकली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढं अकरावीला मी कोल्हापुरात आत्याकडं राहायला आले. २०१० चा ऑगस्ट होता. म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या, रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या, ६०० पैकी ५९७ गुण. भारतीय महिला नेमबाजानं जागतिक विजेतेपद मिळवायची ती पहिली वेळ, आणि ती बाई आपल्या गावची! त्या आठवड्यात शहरातल्या निम्म्या मुलींना नेमबाज व्हायचं होतं. त्यातलीच एक मी, दुधाळीच्या रेंजवर जाऊन उभी राहिले. रायफलचं जाकीट आणि पँट अंगावर चढवूनच घुसमटायला झालं, तेव्हा सर म्हणाले, पिस्तूल बघ. पिस्तुलाला जाकीट नाही, पट्टा नाही, टेकू नाही. एक हात सरळ पुढं, दुसरा खिशात, आणि मधे फक्त स्वतःचा खांदा.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या निशाणावर दहाचं, म्हणजे दहा गुणांचं मधलं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, ट्रिगरवर कमीत कमी ५०० ग्रॅम दाब लागतो. हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं. जे कळायला दोन वर्षं लागली ते असं, की हात कधीच स्थिर होत नाही. कुणाचाच नाही. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साईट, काळ्या वर्तुळाखाली सतत तरंगत असते. शिकायचं एवढंच की तरंगू द्यायचं, मागच्या खाचेत माशी मधोमध आणि समपातळीत ठेवायची, नजर माशीवर खिळवायची, निशाण धूसर होऊ द्यायचं, आणि या सगळ्यात ट्रिगर इतका हळू दाबायचा की गोळी सुटल्याचं आपलं आपल्याला अचानक कळावं.

सरांचा एक नियम फार कडक होता. गोळी सुटली की दुर्बिणीत बघण्याआधी ती कुठं गेली हे सांगायचं. "तीन वाजता, आठ." म्हणजे घड्याळातल्या तीनच्या बाजूला, आठ गुणांच्या वर्तुळात. मग बघायचं. आम्ही कोल्हापूरच्या पोरी, "सर, मी बरोबर मारलो होतो," म्हणून वाद घालायचो. सर म्हणायचे, वही काढ. वहीत चाळीसच्या चाळीस गोळ्या लिहायच्या, तेव्हा मुलींची स्पर्धा ४० गोळ्यांचीच असायची. दहाही लिहायचे आणि सहाही. सहा खोडली तर पुढचा आठवडाभर पिस्तुलाला हात लावायचा नाही. एका मुलीनं खोडली होती, आणि तिला आठवडाभर हात लावू दिला नाही. ती मीच.

रेंजवर गप्पा मात्र वेगळ्या चालायच्या. चहाच्या वेळी सगळे सांगायचे, "काल पाचात तीन एका भोकात गेल्या." उरलेल्या दोन कुठं गेल्या ते कुणी सांगायचं नाही. त्यात खोटं काही नसायचं, तीन गोळ्या खरोखर एका भोकात गेलेल्या असायच्या. पण तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, नेहमीच लहान दिसतो. पाच मारा, थोडा पसरतो. चाळीस मारा, मग तुमचा खरा हात कागदावर उमटतो. नवं एअर पिस्तूल घेतलं की डब्यात कारखान्याचं एक कार्ड येतं. पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेल्या गोळ्या त्यावर असतात, सगळ्या मिळून एकच भोक. काहीजण तेच कार्ड आपलं म्हणून दाखवत. ते कार्ड पिस्तुलाचं असतं.

मला वाटतं, नेमबाजीतल्या बहुतेक थापा अशाच तयार होतात. कुणी काही नवं रचत नाही, फक्त चुकलेलं गळून जातं. एकदा घडलेलं 'नेहमी' होतं, पावलांचे वार होतात, वारांचे मीटर. कुस्तीत हे इतकं सोपं नाही. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून पुरं केलं, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक मोठ्या कुस्तीला हजारो डोळे साक्षीला असतात. कोण किती मिनिटांत चितपट झाला याबद्दल तालमीत कुणी थाप मारली, तर पलीकडून एखादा म्हातारा ओरडतो, "ए, मी हुतो तिथं!" गोळीला असा साक्षीदार नाही. ती जाताना दिसत नाही, लागते ती लांब, आणि जंगलात तर मारणारा सोडून दुसरं कुणी नसतंच. दाजीपूरचं जंगल संस्थानाची शिकारीची राखीव जागा होती. त्या काळच्या शिकारीच्या गोष्टी या जिल्ह्यात अजून फिरतात, आणि त्या सगळ्यांत गोळी एकच असते. मला त्या गोष्टींचा राग येत नाही. त्यांत कुठंतरी एक खरी गोळी आहे हे मला माहीत आहे. राग येतो तो बाकीच्या गोळ्या पुसल्या जातात याचा, कारण शिकण्यासारखं सगळं त्या गोळ्यांत असतं.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत एल्मर कीथ नावाचा मोठा पिस्तूलबाज होऊन गेला. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरनं सहाशे यार्डांवर हरण मारल्याचं त्यानं लिहिलं आणि लोकांनी त्याला आयुष्यभर थापाड्या म्हटलं. पण त्याचं सांगणं नीट वाचलं तर त्यात आधीच्या गोळ्या चुकल्याचंही आहे. हरीण सोबत्याच्या गोळीनं आधीच जखमी झालं होतं, आणि हा गोळ्या कुठं पडतात ते बघत नेम वर वर नेत होता. दोन्ही बाजूंनी वाद घालणाऱ्यांनी नेमका तेवढा भाग सोडून दिला. १८६५ मध्ये स्प्रिंगफील्ड गावात वाइल्ड बिल हिकॉकनं भर चौकात सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून पिस्तुलाच्या एका गोळीत माणूस मारला, ते तर ऐकायला लोणकढी थापच वाटते. पण तिथं चौकात माणसं होती, पुढं खटला उभा राहिला, म्हणून त्या गोष्टीला वाढायला जागा मिळाली नाही. आणि मेक्सिकोतून आलेल्या लोखंडी आकृत्यांच्या खेळात तर कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरवर असतो. हातात धरायच्या हत्यारानं तो मेंढा लोळवणारी माणसं आहेत. त्यांची हत्यारं आणि दारूगोळा खास त्यासाठीच असतो हे खरं, पण लांबवरचा नेम ही मुळातच थाप आहे असं म्हणता येत नाही.

मग आबांचा डबा?

आबा २०१२ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, ग्रॅनाडाच्या जागतिक स्पर्धेची बातमी आली. ५० मीटर पिस्तुलात दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओहनं ६०० पैकी ५८३ मारले आणि १९८० पासून उभा असलेला सोव्हिएत नेमबाज मेलेन्तिएव्हचा ५८१ चा विक्रम मोडला. आपल्या जितू रायला त्याच स्पर्धेत रौप्य मिळालं. होस्टेलच्या खोलीत मी त्या निशाणाची मापं बघत बसले होते, ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ५ सेंटीमीटरचं, नऊचं १० सेंटीमीटरचं. आणि एकदम आबांचा डबा आठवला. वही ओढली.

पलटणीतलं पाऊल तीस इंचांचं असतं. कवायतीतलं पाऊल ते, माणसाच्या हाडात बसतं. दोनशे पावलं म्हणजे १५२ मीटर. तेलाचा पंधरा किलोचा डबा साधारण २४ सेंटीमीटर रुंद. तो १५२ मीटरवरून ५० मीटरवर आणला तर किती दिसेल? जेमतेम ८ सेंटीमीटर. म्हणजे दहाच्या वर्तुळापेक्षा मोठा, नऊच्या वर्तुळापेक्षा लहान. जिन जोंग-ओह गोळीमागं सरासरी ९.७ मारत होता. माणसाचा हात तिथवर पोचतो, एवढं कळलं. पण तो जगातला सर्वोत्तम हात, आणि हातात त्याच कामासाठी घडवलेलं पिस्तूल. साहेबाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनलेलं नसतं. दोन साईट्समधलं अंतर १६ सेंटीमीटर धरलं, तर माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली की १० मीटरवर सहा सेंटीमीटर फरक पडतो. १५२ मीटरवर तोच फरक ९५ सेंटीमीटर. डब्याच्या रुंदीच्या चौपट. एक मिलिमीटरला!

आता पुढचं गणित. त्या जुन्या .३८ च्या गोळीचा वेग सेकंदाला १९० मीटरच्या आत-बाहेर, फार संथ. १५२ मीटर जायला तिला सेकंदाच्या आठ दशांशांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, किती? आकडा मांडला. जवळजवळ साडेतीन मीटर. साईट्स जवळच्या अंतराला जुळवलेल्या असतात, त्याचं थोडं वजा केलं तरी पावणेतीन मीटर राहतात. म्हणजे डब्यावर नेम धरला तर गोळी डब्यापर्यंत पोचणारच नाही, कितीतरी अलीकडं मातीत जाईल. डब्याला लागायची असेल तर नेम डब्याच्या वर नऊ फूट धरायला हवा.

बोरीचं झुडूप!

मी उठून उभी राहिले. आणि पुढची ओळ आपोआप सुटली. माशी नऊ फूट वर नेली की डबा माशीच्या खाली जातो, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या अंगाआड, मुठीआड. घोडा दाबताना डबा दिसणं शक्यच नव्हतं. कीथनं यावर वेगळा उपाय काढला होता. मागची खाच तशीच ठेवून तो माशी खाचेच्या वर उचलून धरायचा आणि निशाण तिच्या टोकावर बसवायचा, म्हणजे ते दिसत राहायचं. त्यासाठी माशीवर सोन्याच्या बारीक रेघाही घालून घेतल्या होत्या. आबांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी झुडूप घेतलं.

ज्या दोन वाक्यांसाठी पाचवीतल्या पोरींनी मला थापाडी म्हटलं, तीच दोन वाक्यं त्या गोष्टीतला पुरावा होती. थाप मारणारा माणूस म्हणाला असता, डब्यावर नेम धरला, मध्यावर, आणि बरोबर मध्यावर लागली. झुडपाची आठवण ज्यानं मारून पाहिलंय त्यालाच असते. त्या रात्री मी खूप रडले. आबा असते तर फोन केला असता, एवढंच वाटत राहिलं.

पण एक प्रश्न उरलाच. झुडपाच्या बुंध्यावर नेम धरायचा हे त्यांना कळलं कसं? गणित त्यांनी केलेलं नव्हतं. म्हणजे आधी काही गोळ्या गेल्या असणार.

ते कळायला आणखी चार वर्षं गेली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एशियाडला राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात शूटऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी, जिंकून सुवर्ण घेतलं. तोवर मी नोकरीला लागले होते, पिस्तूल सुटलं होतं, पण ती फायनल बघताना उजव्या हाताचं बोट आपोआप हलत होतं. त्याच महिन्यात एका कामासाठी गडहिंग्लजकडं जायचं होतं आणि आईनं आठवण केली, आबांचे एक पलटणवाले मित्र तिकडं असतात, भेटून ये. म्हातारबाबा नव्वदीला टेकलेले. ऐकू कमी यायचं, पण डोळे लखलखीत. मी आबांची नात म्हटल्यावर हात धरून बसवून घेतलं. चहा झाला. मग मी डब्याचं विचारलं.

"मीच हुतो की दुर्बिणीवर," ते म्हणाले.

मी कानाजवळ जाऊन विचारलं, "बाबा, किती गोळ्या मारल्या त्यांनी?"

त्यांनी जराही न आठवता सांगितलं. "पयली अर्ध्या वाटंच्या जरा पुढं मातीत. माती उडाली ती मी बघितली, म्हटलं, लई खाली. दुसरी थोडी फुडं. तिसरी डाव्या अंगाला. मी सांगत जायचा, ह्यो वर घेत जायचा. सा संपल्या. साहेब म्हनाले, बस. ह्यो म्हनाला, साहेब, आता घावतंय. पुन्हा सा भरल्या. सातवी, आठवी बटात, डब्याच्या खाली. नववीला म्हनाला, झुडूप घेतो. नववी, धावी अंगाला घासून गेल्या. अकरावीला ठण्ण."

अकरावी. मी ती वहीत लिहून घेतली, दहा चुकलेल्या सकट, जशा त्यांनी सांगितल्या तशा. सरांच्या वहीसारख्या. भाऊ म्हणतो त्या 'एका गोळीत' ह्या दहा नाहीत. आणि माझ्या मते सगळी नेमबाजी त्या दहांत आहे. दुर्बिणीवरचा मित्र माती कुठं उडाली ते खरं सांगतोय, हा एका हातानं वजन पेलत, खांदा भरून आलेला असताना दर वेळी तेवढंच वर घेतोय, आणि नवव्या गोळीला त्याला उतारावरचं ते झुडूप दिसतंय.

मी निघायला उठले, तशी बाबांनी पुन्हा हात धरला. "एक राहिली न्हवं," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सहा आणि सहा, बारा.

"समदी वरडाय लागली, मार, मार, आनि एकदा मार. साहेबबी म्हनाले, मार. ह्यानं चक्री उघडली, रिकामी टोपणं खाली पाडली, आनि बारावी काढून साहेबाच्या हातावर ठेवली." त्यांनी माझा तळवा उलगडला, त्यात दोन बोटांनी काहीतरी ठेवल्यासारखं केलं, आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. "अशी."